वृंदनायक गेला, वृंदाचे काय?

कवी गेला तरी त्याच्या कविता छापील पानावर राहतात. गायक गेला तरी त्याचा आवाज तबकडीत राहतो. नाटककाराच्या मागे नाटकाची संहिता राहते आणि ती कोणीही पुन्हा रंगभूमीवर आणू शकतो. परंतु वाद्यवृंदाचा नायक निवर्तला म्हणजे नेमके काय जाते आणि काय मागे उरते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याने रचलेल्या चाली उरतात. जुन्या ध्वनिमुद्रिका उरतात. जे जाते ते या दोहोंहून निराळे असते. कोणता वादक घ्यावा, कोणाला कोणत्या क्षणी पुढे करावे, कोणाला थोपवावे, पुढच्या आठवड्यात कोठे वाजवावे आणि मैफल संपल्यावर सर्वांचे पैसे कोठून द्यावेत, हे ठरवणारे एक डोके आणि एक हट्ट नाहीसा होतो. तो हट्ट गेला की दहा-बारा कुशल वादक राहतात. वृंद राहत नाही.

अमेरिकेतील जॅझ संगीताच्या व्यवसायात अशा प्रसंगी एक प्रथा चांगली रुळली आहे. नायकाच्या मृत्यूनंतर त्याचे सहकारी, शिष्य किंवा चाहते एकत्र येऊन त्याच्या रचनांची एक ध्वनिमुद्रिका काढतात. तिला तिकडे ‘ट्रिब्यूट अल्बम’ म्हणतात; आपण तिला श्रद्धांजलीची तबकडी म्हणू. अशा तबकड्या आजवर असंख्य निघाल्या. बहुतेकांवर दिवंगताचे छायाचित्र असते, आत गौरवाचे चार शब्द असतात आणि काही काळाने त्या दुकानाच्या मागच्या कप्प्यात जाऊन पडतात. फार थोड्या अशा निघाल्या की, त्यांनी विखुरलेल्या वृंदाला पुन्हा उभे केले. या दोन प्रकारांतील भेद कशात आहे, हा केवळ संगीताच्या रसिकतेचा प्रश्न नाही. तो अर्थशास्त्राचाही आहे. चार्ल्स मिंगस या वृंदनायकाच्या मृत्यूनंतर जे घडले, ते या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे.

कानाने शिकवणारा नायक

मिंगसचा जन्म २२ एप्रिल १९२२ रोजी ॲरिझोना राज्यातील नोगालेस येथे झाला आणि तो वाढला लॉस एंजेलिसच्या वॉट्स या वस्तीत. त्याचे वाद्य डबल बास. म्हणजे माणसाच्या उंचीहून मोठे, उभे राहून वाजवायचे तंतुवाद्य. जॅझच्या ताफ्यात हे वाद्य बहुधा मागे उभे राहून ठेका सांभाळते. मिंगसने मागे उभे राहूनच सगळ्या ताफ्यावर हुकमत गाजवली. कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांतील सामुदायिक गायन, ब्लूजची आर्तता आणि ड्यूक एलिंग्टनचा भव्य वाद्यमेळ या तिन्ही गोष्टी त्याच्या रचनांत एकवटल्या आहेत.

मिंगसची शिकवण्याची पद्धत आपल्याकडील श्रोत्यास परकी वाटणार नाही. पाश्चात्त्य वृंदवादनात प्रत्येकापुढे स्वरलिपीचा कागद असतो. मिंगसने १९५० नंतरच्या दशकात आपल्या ‘जॅझ वर्कशॉप’मध्ये हा कागद शक्यतो दूर ठेवला. तो पियानोवर किंवा गळ्याने ओळ ऐकवी आणि वादकांनी ती कानाने उचलावी, अशी अपेक्षा ठेवी. कागदावरून वाजवलेली ओळ ही वादकाची स्वतःची होत नाही, असे त्याचे मत होते. मैफल चालू असताना तो वादन थांबवून वादकाला जाहीरपणे फैलावर घेई. या पद्धतीचे बळ आणि तिची दुर्बलता एकच आहे. जे कानाने दिले ते शिष्याच्या अंगी मुरते; पण शिष्य पांगले तर ते कोणत्याही कपाटात सापडत नाही.

माणूस म्हणून तो सौम्य नव्हता. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये १२ ऑक्टोबर १९६२ रोजी त्याची एक मोठी मैफल ठरली होती. तिच्या तयारीच्या गडबडीत त्याने आपला ट्रोम्बोनवादक जिमी नेपर याच्या तोंडावर ठोसा मारला. नेपरचा दात तुटला आणि पुढे दीर्घकाळ त्याला आपल्या वाद्याचे वरचे स्वर गाठता येईनात. फुंकून वाजवण्याच्या वाद्यावर ज्याचे पोट आहे, त्याच्या तोंडावर मारणे म्हणजे सुताराचा हात मोडण्यासारखे आहे. प्रकरण न्यायालयात गेले आणि मिंगस दोषी ठरला. शिक्षा मात्र स्थगित राहिली. श्रद्धांजलीच्या लेखांत असे प्रसंग गाळण्याची रीत आहे. येथे तो सांगितला, कारण पुढील हकिकतीत नेपर पुन्हा यावयाचा आहे.

मालकीचे भांडण

मिंगसचा राग जसा वादकांवर होता तसाच, किंबहुना त्याहून अधिक, संगीताच्या व्यापारावर होता. वाजवणाऱ्याला एकदाच ठरावीक मोबदला मिळावा आणि तबकडीच्या प्रत्येक आवृत्तीचा नफा कंपनीने वर्षानुवर्षे घ्यावा, ही व्यवस्था त्याने मान्य केली नाही. १९५२ मध्ये त्याने मॅक्स रोच या तबलावादकाच्या तोलाच्या ड्रमवादकाबरोबर ‘डेब्यू’ नावाची स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली. १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, रोच आणि मिंगस असे पाच दिग्गज एकत्र वाजवले. त्याच रात्री मुष्टियुद्धाचा एक मोठा सामना होता. सभागृह बरेचसे रिकामे राहिले आणि वादकांना देण्याइतका गल्ला जमला नाही. मिंगसने त्या मैफलीची ध्वनिफीत हाती घेतली आणि ती ‘डेब्यू’तर्फे प्रसिद्ध केली. जॅझच्या इतिहासातील एक अमोल ठेवा अशा रीतीने बुडालेल्या बिदागीच्या बदल्यात जगाच्या हाती आला.

१९६० मध्ये न्यूपोर्टच्या प्रसिद्ध महोत्सवाचा बाज आणि पैशांची वाटणी न पटल्यामुळे त्याने आणि रोचने त्याच गावात समांतर महोत्सव भरवला. १९६५ च्या सुमारास त्याने तबकड्या टपालाने थेट श्रोत्यांना विकण्याचा प्रयोग केला. यांपैकी कोणताही प्रयोग फार काळ टिकला नाही. भांडवल अपुरे, वितरणाची यंत्रणा नाही आणि चालकाचा स्वभाव असा की, भागीदार टिकावा कसा! १९६६ मध्ये भाडे थकल्यामुळे न्यूयॉर्कमधील राहत्या जागेतून त्याला बाहेर काढण्यात आले. टॉमस राइकमन या तरुणाने त्या दिवसांचा अनुबोधपट तयार केला. तो १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. संगीतकाराचे चंबूगबाळे रस्त्यावर येताना त्यात दिसते. पण या सर्व अपयशांतून एक गोष्ट त्याने टिकवली: आपल्या रचनांच्या प्रकाशनाचे हक्क स्वतःच्या संस्थेकडे ठेवले. या एका निर्णयाचे महत्त्व त्याच्या मृत्यूनंतर कळून आले.

१९७७ च्या अखेरीस त्याला स्नायू निकामी करणाऱ्या असाध्य विकाराने ग्रासल्याचे निदान झाले. बोटे चालेनाशी झाल्यावर तो चाली गुणगुणून ध्वनिफितीवर नोंदवू लागला. १८ जून १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर जॅझ कलावंतांचा मेळावा भरवला, तेव्हा चाकांच्या खुर्चीतील मिंगसला सर्वांनी उभे राहून मानवंदना दिली आणि तो रडला. ५ जानेवारी १९७९ रोजी मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे, वयाच्या ५६ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्या इच्छेनुसार पत्नी स्यू मिंगस यांनी त्याच्या अस्थी भारतात आणून गंगेत विसर्जित केल्या.

एकाच वर्षातील दोन तबकड्या

त्या वर्षी मिंगसच्या स्मरणाशी निगडित अशा दोन तबकड्या निघाल्या. पहिली जोनी मिचेल या लोकप्रिय गायिकेची. तिचे नावच ‘मिंगस’. आजारपणात मिंगसने तिला बोलावून घेतले होते आणि तिच्यासाठी काही चाली रचल्या होत्या. तिने त्यांवर शब्द बांधले. एक गीत सोडल्यास बाकीची त्याने ऐकली होती. म्हणजे ही तबकडी आरंभी सहकार्य होती. मृत्यूने तिची श्रद्धांजली केली. गाण्यांच्या मधूनमधून मिंगसच्या बोलण्याचे, घरगुती समारंभाचे तुकडे ऐकू येतात. हर्बी हॅनकॉक, वेन शॉर्टर, जाको पास्टोरियस असे नामांकित वादक तिच्यात आहेत. ज्या श्रोत्यांनी जॅझ कधी ऐकले नव्हते त्यांच्यापर्यंत मिंगसचे नाव या तबकडीमुळे गेले, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु ती जोनी मिचेलची तबकडी आहे. मिंगसचा वृंद तिच्यात नाही.

दुसरी तबकडी ‘मिंगस डायनॅस्टी’ या नावाने उभ्या राहिलेल्या सातजणांच्या संचाची: ‘चेअर इन द स्काय’. तिचे शीर्षक जोनीसाठी रचलेल्या एका चालीवरून घेतले आहे. येथे ती चाल शब्दांविना, वाद्यांवर ऐकू येते. ड्रमवर डॅनी रिचमंड, म्हणजे १९५० नंतरच्या दशकापासून मिंगसची साथ करणारा आणि त्याचा प्रत्येक लहरी थांबा ओळखणारा माणूस. सॅक्सोफोनवर जॉन हँडी आणि जो फॅरेल, ट्रम्पेटवर जिमी ओवेन्स, पियानोवर डॉन पुलन. नायकाची मोकळी जागा बासवादक चार्ली हेडन याने घेतली. आणि ट्रोम्बोनवर जिमी नेपर. ज्याच्या हातून दात गमावला त्याच्याच संगीतासाठी हा माणूस उभा राहिला. त्याने मिंगसला क्षमा केली होती किंवा नाही, हा त्याचा खाजगी प्रश्न आहे. आपण पाहावयाचे ते इतकेच की, त्या चाली कशा वाजवायच्या हे ज्या थोड्या लोकांच्या अंगी मुरले होते त्यांतील तो एक होता आणि ते ज्ञान त्याने वाया जाऊ दिले नाही.

संगीताच्या मोजमापाने या दोहोंपैकी श्रेष्ठ कोणती, यावर रसिकांनी वाद घालावा. आमचा मुद्दा वेगळा आहे. पहिल्या तबकडीनंतर तिच्यातील कलावंत आपापल्या कामास गेले. दुसऱ्या तबकडीनंतर तो संच फिरतीवर निघाला.

कायदा काय पाहतो, काय पाहत नाही

या ठिकाणी थोडा हिशेब मांडणे इष्ट होईल. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने असे ठरले की, एखाद्या रचनेची तबकडी एकदा निघाली की दुसरा कोणीही ठरावीक मोबदला देऊन ती रचना पुन्हा मुद्रित करू शकतो. हा मोबदला प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट होता आणि दोन महायुद्धे होऊन गेली तरी तो वाढला नाही. १९७८ पासून तो पावणेतीन सेंट किंवा दर मिनिटास अर्धा सेंट, यांपैकी जो अधिक तो, असा झाला. समजा, श्रद्धांजलीच्या तबकडीत चाळीस मिनिटांचे संगीत आहे आणि तिच्या दहा हजार प्रती खपल्या. दर प्रतीमागे वीस सेंट, म्हणजे एकूण दोन हजार डॉलर. त्यातूनही प्रकाशकाचा वाटा निघतो. मिंगसने प्रकाशन स्वतःकडे ठेवले होते म्हणून तो घरातच राहिला. या रकमेत एका माणसाचे काही महिन्यांचे घरभाडे भागेल. वृंद चालणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा मोबदलासुद्धा मिंगसला ‘रचनाकार’ म्हणून मिळतो, ‘नायक’ म्हणून नव्हे. वादकांची निवड, त्यांची तालीम, कोणाच्या वादनाला कोणाची जोड द्यावी याचे ज्ञान आणि पंचवीस वर्षे खस्ता खाऊन निर्माण केलेला एक विशिष्ट नाद, या कशालाही स्वामित्वहक्काचा कायदा मालमत्ता मानत नाही. जो नायक स्वतः चाली रचत नव्हता, इतरांच्याच चाली आपल्या ढंगाने वाजवून लोकप्रिय करीत होता, त्याच्या स्मरणार्थ लाख प्रती खपल्या तरी त्याच्या कुटुंबाला त्या रचनांपोटी एक सेंटही येणार नाही. कायद्याला चाल दिसते, कारण ती कागदावर मांडता येते. वृंद दिसत नाही, कारण तो माणसांत असतो.

दुसरी अडचण खुद्द अर्थशास्त्राने दाखवली आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगीय कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. कारखान्यात यंत्रे सुधारतात, तितक्याच कामगारांकडून अधिक माल निघतो आणि म्हणून वेतन वाढवता येते. परंतु चौघांनी मिळून वाजवायच्या रचनेला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसे आणि अर्धा तास लागत होता. आजही तितकाच लागतो. वादकालाही बाजारभावानेच धान्य घ्यावे लागते, त्यामुळे त्याचे वेतन इतरांबरोबर वाढले पाहिजे. उत्पादन मात्र वाढत नाही. म्हणून कलासंस्थेची तूट ही गैरकारभाराची खूण नसून तिच्या कामाच्या स्वरूपातच ती आहे. आठ-दहा वादकांचा ताफा बाळगणाऱ्या प्रत्येक नायकाने हे शास्त्र न वाचताच भोगले आहे. एलिंग्टनने आपला ताफा जवळजवळ अर्धशतक टिकवला तो आपल्या गाण्यांच्या मानधनातून त्याची तूट भरून. मिंगसपाशी तेवढे उत्पन्न कधीच नव्हते.

गुरुवारची मैफल

मिंगसच्या मृत्यूनंतर स्यू मिंगस यांनी जे केले त्याचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानात यावे. त्यांनी ‘डायनॅस्टी’चा संच टिकवला. १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधील एका कॅफेच्या तळघरात चौदा वादकांचा ‘मिंगस बिग बँड’ सुरू झाला आणि तो दर गुरुवारी वाजवू लागला. वर्षातून एकदा पुण्यतिथीला नव्हे, दर आठवड्याला! ठरलेला वार, ठरलेली जागा आणि वादकाच्या हाती पडणारे पैसे यांमुळे जुन्या साथीदारांच्या शेजारी नवे तरुण येऊन बसू लागले. जे कानाने दिले गेले होते ते कानानेच पुढे गेले. पुढे जागा बदलल्या. ज्या ‘जॅझ स्टँडर्ड’ क्लबात हा वृंद वर्षानुवर्षे वाजत होता तो क्लब २०२० मध्ये महामारीच्या काळात बंद पडला. वृंद बंद पडला नाही. त्याच क्लबात मुद्रित झालेल्या त्याच्या एका तबकडीला २०११ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला होता. नायकाच्या मृत्यूला तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती.

कागदपत्रांचेही तसेच. ज्या मैफलीच्या तयारीत नेपरला मार बसला त्या १९६२ च्या टाउन हॉलमधील मैफलीचा पुरता बोजवारा उडाला होता. वादन सुरू असताना रंगमंचावरच स्वरलिपीच्या प्रती उतरवण्याचे काम चालू होते. त्या अपूर्ण महारचनेची पाने मिंगसच्या मृत्यूनंतर त्याच्या संग्रहाची सूची करताना अँड्र्यू होम्झी या संगीताभ्यासकाच्या हाती आली. ‘एपिटाफ’, म्हणजे समाधिलेख, असे तिचे नाव. ३ जून १९८९ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये गुंथर शुलर यांच्या संचालनाखाली तीस वादकांनी ती सादर केली. तिला दोन तासांहून अधिक वेळ लागला. १९९३ मध्ये मिंगसचा सारा दप्तरखाना अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला. ज्याचे सामान एकदा रस्त्यावर आले होते, त्याचे कागद आता राष्ट्राच्या ग्रंथालयात आहेत.

मैफली चोरून मुद्रित करून त्यांच्या तबकड्या विकणाऱ्यांशीही या बाईंनी उघड भांडण मांडले. दुकानात शिरून अशा तबकड्या त्या सरळ उचलून नेत आणि दुकानदाराने आक्षेप घेतला तर पोलिसांना बोलावण्याचे आव्हान देत. पुढे त्यांनी अशाच मैफलींच्या अधिकृत तबकड्या काढण्यासाठी ‘रिव्हेंज’, म्हणजे ‘सूड’, या नावाची कंपनी काढली. मिंगसचा हट्ट त्याच्याबरोबर गेला नव्हता. तो घरातच दुसऱ्या हाती आला होता. २०२२ मध्ये, मिंगसच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्या निवर्तल्या.

दोन आक्षेप

या भूमिकेवर दोन आक्षेप येतील आणि ते विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा: नायकाशिवाय त्याच्या नावाने चालणारा वृंद म्हणजे भूतच नव्हे काय? अमेरिकेत अशा ताफ्यांना ‘घोस्ट बँड’ असेच म्हणतात. ग्लेन मिलर १५ डिसेंबर १९४४ रोजी विमानप्रवासात बेपत्ता झाला. त्याच्या नावाचे ताफे त्यानंतर अनेक दशके त्याच्या तबकड्यांबरहुकूम वाजवीत राहिले. त्यांनी वादकांना काम दिले हे खरे. संगीत मात्र जेथे होते तेथेच राहिले. आक्षेप खरा आहे. पण तो वृंद चालू ठेवण्यावर नसून तो कसा चालवावा यावर आहे. मिंगसच्या रचनांत प्रत्येक वादकाने त्या रात्री नवे काही बोलावे, अशी मुळातच योजना आहे. तेथे जुनी तबकडी जशीच्या तशी उतरवणे हीच बेइमानी ठरते. मिंगसने स्वतः हेच केले होते. लेस्टर यंग हा थोर सॅक्सोफोनवादक मार्च १९५९ मध्ये वारला. दोनच महिन्यांनी मिंगसने त्याच्यासाठी ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ ही शोकरचना मुद्रित केली. ती यंगची नक्कल नव्हती. संपूर्ण नवी चाल होती. आज ती जॅझमधील अत्यंत परिचित चालींपैकी एक आहे.

दुसरा आक्षेप असा की, मग नामवंतांना जमवून काढलेल्या, धाडसी कल्पनांच्या तबकड्यांना किंमत नाही काय? १९९२ मध्ये हॅल विलनर या निर्मात्याने ‘वियर्ड नाइटमेअर’ ही मिंगसला वाहिलेली तबकडी काढली. हॅरी पार्च या विक्षिप्त संगीतकाराने स्वतः घडवलेली चमत्कारिक वाद्ये त्याने तिच्यात वापरली आणि रॉक संगीतातील मोठमोठी नावे गोळा केली. कल्पकतेच्या दृष्टीने ती तबकडी ऐकण्याजोगी आहे आणि अशा प्रयोगांनी जुन्या चालींवर नवा प्रकाश पडतो. परंतु मेजवानी आणि रोजची भाकरी यांत भेद करावा लागतो. मेजवानी कितीही चांगली झाली तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटवावीच लागते.

आपल्या दारचा दाखला

ही सर्व चर्चा न्यूयॉर्कपुरती आहे असे कोणी समजू नये. १९३० नंतरच्या दशकापासून मुंबईतील हॉटेलांत जॅझ वाजत होते. पुढे ते वाजवणारे ताफे बहुतांशी गोमंतकीयांचे होते आणि हेच वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत बसत. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांच्या ‘अलबेला’ या १९५१ मधील चित्रपटाच्या संगीतात चिक चॉकलेट या गोमंतकीय वृंदनायकाचा हात होता. १९६७ मध्ये तो वारला. त्याच्या मागे तशी साप्ताहिक मैफल टिकली नाही, त्याच्या नावाचा वृंदही उभा राहिला नाही.

अँथनी गोन्साल्विस यांची कथा तर अधिक बोलकी आहे. माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवादक मुंबईच्या चित्रसृष्टीत वाद्यमेळ बांधण्याचे काम करी. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वृंद यांची सांगड घालण्याच्या ध्यासाने त्यांनी १९५८ मध्ये ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. पुढे ते अमेरिकेत गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गाण्यात त्यांचे नाव गुंफले. गुरूला वाहिलेली आदरांजली म्हणून ही गोष्ट हृद्य आहे. पण परिणाम काय झाला? नाव कोट्यवधींच्या ओठांवर गेले आणि त्या नावाचा माणूस कोण, त्याने काय रचले, हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक झाले. २०१२ मध्ये गोव्यात ते निवर्तले तेव्हा वृत्तपत्रांना त्यांची ओळख त्या गाण्याच्या आधारानेच करून द्यावी लागली. त्याच वर्षी आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा सुरक्षित झाला. ही दुरुस्ती स्वागतार्ह होती. पण वाद्यमेळ बांधणाऱ्याचा आणि वृंद चालवणाऱ्याचा वेगळा विचार तिच्यातही नाही.

आपल्याकडे श्रद्धांजलीचे कार्यक्रम कमी होत नाहीत. दिवंगत संगीतकारांच्या नावाने दरवर्षी नाट्यगृहे भरतात, तिकिटे खपतात, निवेदक आठवणी सांगतो, जुनी गाणी हुबेहूब वाजतात आणि टाळ्या पडतात. त्या प्रेमाविषयी शंका नाही. तथापि, प्रत्येक अशा कार्यक्रमाच्या संयोजकांना चार प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. मूळ ध्वनिमुद्रणात ज्यांनी वाद्यमेळ बांधला त्यांची नावे पत्रिकेवर आहेत काय? त्यांच्या स्वरलिपीची पाने कोणाच्या माळ्यावर कुजत पडली आहेत याचा शोध कोणी घेतला काय? उत्पन्नाचा काही अंश ती पाने जतन करण्यासाठी ठेवला काय? आणि कार्यक्रम संपल्यावर त्या रंगमंचावरील वादकांना पुढच्या आठवड्यात काम आहे काय? विद्यापीठांचे संगीत विभाग आणि गोवा व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या सांस्कृतिक संस्था यांना यांतील दुसरे आणि तिसरे काम सहज अंगावर घेता येईल. त्यासाठी मोठ्या रकमा लागत नाहीत. एक खोली, दोन जाणकार आणि घरोघर जाऊन विचारण्याची चिकाटी लागते. ज्यांनी ती पाने वाजवली त्या वादकांपैकी जे हयात आहेत त्यांची वये पाहता हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

मिंगसच्या घरी नशिबाने एक हट्टी बाई होती. प्रत्येक वृंदनायकाच्या घरी तशी असेलच असे नाही आणि समाजाने आपली सांस्कृतिक ठेव एका कुटुंबाच्या चिकाटीवर सोडून देणे हा व्यवहारही शहाणपणाचा नव्हे. तबकडी काढणे सोपे असते, कारण ती एकदाच काढावयाची असते. वृंद दर आठवड्याला नव्याने उभा करावा लागतो. त्यासाठी जागा लागते, कागद लागतात, शिकवणारे लागतात आणि पैसे लागतात. नायकाचे स्मरण ज्यांना खरोखर करावयाचे आहे, त्यांनी तबकडी जरूर काढावी. पण तिच्या प्रकाशनाच्या दिवशीच पुढच्या मैफलीची तारीखही जाहीर करावी.